जांभळीखाली दहा चाकं

फोंड्याच्या शोरूममधला पोरगा
पिकअपभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला,
पोचे सोळा.
मी म्हटलं, सतरा.
सतरावा टपावर आहे, खालून दिसणार नाही;
चरावण्याच्या उतारावर फणस पडला होता, पिकलेला,
पुढे महिनाभर काच उघडली की वास.
त्याने सतरा लिहिलं
आणि पाच हजार कमी केले.

गाडी देताना काय काय सांगायचं असतं
मला ठाऊक नव्हतं.
फोर-बाय-फोरचा दांडा सकाळी लवकर बसत नाही,
जरा मागे ढकलायचा, मग पुढे.
हे सांगितलं.
हौद्यात नऊ उन्हाळ्यांच्या बोंडूंचा रस मुरलाय,
सोड्याने जात नाही,
हे नाही सांगितलं.
वरच्या वाड्यावर शेवटच्या घरी फ्रिज नेला होता एकदा,
ओहोळातून, दोन माणसं फ्रिजला मिठी मारून उभी,
आणि वर पोचल्यावर कळलं, वीज यायला अजून पाच महिने.
म्हातारीने त्यात तांदूळ भरले.
उंदरांपासून बरं, म्हणाली.
हे त्याच्या कागदावर कुठे लिहिणार?

दुसरी किल्ली? त्याने विचारलं.
हरवली.
आणखी पंधराशे गेले.
किल्ली माझ्या डाव्या खिशात होती,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते
तसा हात जात होता.

नवीन दहा चाकांची.
पूजेला दहा लिंबं लागली,
आणि त्या आठवड्यात लिंबू दहाला एक.
केबिनमध्ये चढायला तीन पायऱ्या.
वर बसलो तेव्हा पहिल्यांदा दिसलं
की रुझारच्या गडग्यापलीकडे विहीर आहे,
आणि शाळेच्या पत्र्यावर कुणाचा तरी एकच बूट.
इतकी वर्षं त्याच रस्त्याने गेलो,
नुसत्या भिंती बघत.
पण पुढ्यातलं कुत्रं दिसत नाही.
बंपरपासून दोन मीटर जे काही आहे
ते असून नसल्यासारखं.
त्यासाठी गोल आरसा दिलाय.
त्यात कुत्रं, केळ, आमची उषा,
सगळी एकाच मापाची.

खाण उघडणार म्हणतात.
हे तिसरं वर्ष म्हणतात.
हप्ता मात्र दर महिन्याच्या सातला न चुकता उघडतो.
तोवर चिरे, खडी,
कुणाच्या तरी हॉटेलच्या भरावाची माती.

घरापर्यंत येत नाही ही.
आमची वाट आठ फुटांची, दोन्हीकडे गडगा.
पिकअप आरसे मिटून यायची,
वळणावरच्या माडाला घासून;
कमरेच्या उंचीवर त्याला पांढऱ्या रंगाचा पट्टा
अजून आहे.
हिला तिठ्यावर ठेवतो, जांभळीखाली,
आणि चालत येतो.
नऊशे पावलं. पहिल्या रात्री मोजली.
वीस टन वाहून आणणारा माणूस,
एका हातात डबा,
दुसऱ्या हातात मोबाइलचा उजेड.
जांभळं पिकली तेव्हा आठवडाभर
बॉनेट जांभळं होतं. पुसलं नाही.

शेवंती सकाळी तिठ्यावर असते,
वाळपईच्या बाजाराची टोपली घेऊन.
पूर्वी न विचारता आधी टोपली हौद्यात टाकायची,
मग स्वतःला.
आता मान वर करून बघते,
हात अर्धा उचलते,
आणि केस सारखे केल्यासारखं करून खाली घेते.
असे चार दिवस गेले.
पाचव्या दिवशी मीच दार उघडलं.
पहिल्या पायरीवर टोपली, दुसरीवर गुडघा,
तिसरीला माझा हात.
धापा टाकत बसली, पदर सावरला,
काचेबाहेर बघून म्हणाली,
पात्रांव, हांगाच्यान तुजें घर दिसता रे.

दिसत होतं.
दोरीवर उषाची हिरवी साडी,
आणि वळचणीकडची तीन कौलं घसरलेली.
खालून कधी कळलं नसतं.
रविवारी शिडी आणायला हवी.
गियर टाकला.
टोपलीतली तांबडी भाजी हलली, थोडं पाणी सांडलं
नव्या कोऱ्या मॅटवर,
आणि शेवंतीने पाय हळूच
त्याच्यावर ठेवला.